पडू द्या, मग बघू

आमच्या दुकानात एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे पडूदे म्हणतात. खरं नाव पगाराच्या दिवशी लागतं तेवढंच. एका नव्या गिऱ्हाईक बाईंना ते आडनावच वाटलं आणि त्यांनी फोनवर विचारलं, "पडूदे साहेब आहेत का?" पडूदेंनी फोन घेतला आणि न हसता म्हणाले, "बोलतोय."

हे नाव पडायचं कारण साधं आहे. संगणक बिघडला म्हणून बोलावलं की बाकीचे कारागीर आल्या आल्या पेटी उघडतात. हा भाग बदल, तो भाग बदल, नाहीतर आतलं सगळं पुसून नव्याने भरून दे, आणि मोकळे होतात. पडूदे काहीच करत नाहीत. एक खुर्ची मागतात, कोपऱ्यात बसतात आणि म्हणतात, "तुम्ही रोज करता तेच करत राहा. पडू द्या, मग बघू." मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर बंद पडेपर्यंत हा माणूस जागचा हलत नाही. त्यांचं म्हणणं असं, की पडताना पाहिलं नाही तर का पडलं ते कळत नाही. नंतर विचारलं तर जो तो आपल्या सोयीचं सांगतो, आणि लोक मशीनबद्दल जेवढं खोटं बोलतात तेवढं नवऱ्याबद्दलही बोलत नाहीत.

दुकान माझं आहे. म्हणजे थाटलं आमच्या ह्यांनी, मग त्यांना दुसऱ्याच धंद्याचं वेड लागलं आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. मला मशीनमधलं फार कळत नाही, माणसांतलं कळतं असा माझा समज होता. सुरुवातीला मला पडूदेंचा फार राग यायचा. एका घरी सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी उगवायचा, आणि विचारलं की म्हणायचा, "आज पडलंच नाही वहिनी, उद्या परत जातो." अशाने दुकान चालतं होय? पण त्यांच्या हातून गेलेलं मशीन त्याच दुखण्यासाठी परत आलेलं मी पाहिलं नाही. म्हणून दातओठ खाऊन गप्प बसायचे.

पुढे माझ्या ध्यानात आलं, की त्यांना ते बसणं आवडतं. एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत ते एकटे राहतात. आईवडील गेले, लग्न केलं नाही. का नाही केलं, असं मी एकदा विचारलंच, मला तोंड आहे ना. तर म्हणाले, "वाट बघत बसलो वहिनी. कोणी प्रेमात पडलंच नाही." मी हसले, तेही हसले, आणि मग डबा उघडून भिंतीकडे तोंड करून जेवायला बसले. ते नेहमी तसेच जेवतात. दुकानात सगळे एकत्र बसले असले तरी.

लोकांच्या घरी खुर्चीत गप्प बसलेल्या कारागिराला कोणी खिजगणतीत धरत नाही. त्याच्यादेखत नवरा-बायको भांडतात, मुलं पाढे चुकतात, गॅसवर दूध उतू जातं, कोणीतरी कोणाला तरी माफ करतं. पडूदेंनी अशी किती घरं आतून पाहिली असतील देव जाणे. त्यांतलं एकही त्यांचं नाही. मशीन लवकर पडलं की ते हिरमुसले होऊन दुकानात येतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तर ह्या पडूदेंना मी माझ्या ताईकडे पाठवलं.

ताई माझी मोठी बहीण. भावजी गेले, एकुलता एक मुलगा नोकरीसाठी लांबच्या देशात गेला, आणि ताई तीन खोल्यांत एकटी उरली. जाताना भाच्याने त्याचं स्वतःचं मशीन तिला देऊन टाकलं. गेम खेळायचं मशीन ते. आत रंगीत दिवे, आणि विटेएवढं जड ग्राफिक्स कार्ड. बाईने स्टूल सरकवून भाजी निवडायला बसावं तशी ताई त्याच्यापुढे बसायची. तिला त्यातलं एकच काम यायचं: रविवारी दुपारी मुलाचा व्हिडिओ कॉल घ्यायचा. आणि मशीन नेमकं तेव्हाच दगा द्यायचं. दोघांचं जरा बोलणं सुरू व्हावं, मुलाचा चेहरा नीट दिसावा म्हणून ताईने चित्र स्क्रीनभर मोठं करावं, की स्क्रीन काळा. आतला पंखा घोंघावायला लागायचा, आणि तिकडे मुलाला आईचा गोठलेला चेहरा दिसत राहायचा, तोंड अर्धवट उघडं.

"मशीन धड असतं ना आई, तर तासभर बोललो असतो तुझ्याशी," असं भाचा एकदा म्हणाला. ते वाक्य ताईने मला इतक्या वेळा ऐकवलं, की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. आपल्या आणि मुलाच्या मध्ये फक्त ते मशीन उभं आहे, हे तिच्या मनात पक्कं बसलं. ते दुरुस्त झालं की तासभर. त्या तासाच्या आशेवर ती आठवडा ढकलायची, आणि रविवार आला की पुन्हा स्क्रीन काळा.

आधी मी आमचा दुसरा कारागीर पाठवला होता. त्याने मेमरी बदलली, धूळ झाडली, वीज पुरवणारी आतली पेटी बदलली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मशीन पडायचं ते पडतच राहिलं. मग पडूदे गेले, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले, आणि रविवारी कॉल आला तेव्हा त्यांनी ते पडताना पाहिलं.

सोमवारी स्वारी खुशीत होती. "ड्रायव्हर आहे वहिनी," म्हणाले. ड्रायव्हर म्हणजे काय हे त्यांनी मला पूर्वीच समजावलं होतं. संगणक आणि ते कार्ड यांच्यामधला दुभाष्या. स्क्रीनवर काय रंगवायचं ते तो कार्डाला सांगतो. ताईच्या मशीनने कोणालाही न विचारता नवा ड्रायव्हर उतरवून घेतला होता. जुन्या कार्डाला त्याचं बोलणं झेपत नव्हतं, आणि आधीच्या ड्रायव्हरचे तुकडेही आत तसेच पडून होते.

"एका स्वयंपाकघरात दोन सासवा," पडूदे म्हणाले.

"मग सून कोण?"

"स्क्रीन. म्हणून तर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते."

त्यांनी मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे नुसत्या गरजेपुरतं चालू केलं, दोन्ही ड्रायव्हर मुळापासून उपटून काढले, त्या कार्डाच्या वयाला शोभेल असा जुना भरवशाचा ड्रायव्हर बसवला आणि यापुढे स्वतःच्या मनाने काही बदलायचं नाही अशी मशीनला तंबी दिली. "आता नाही पडणार," असं स्पष्ट म्हणाले. हा माणूस असं सहसा म्हणत नाही.

पुढच्या रविवारी ते पुन्हा ताईकडे गेले. खात्री करायला. मी पाठवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईचा फोन. "तुझा माणूस काही कामाचा नाही. परत पडलं." तिचा आवाज असा झाला होता, की मला पुढचं ऐकवेना. सोमवारी सकाळी पडूदे दुकानात पाऊल टाकतात न टाकतात तोच मी सुरू झाले. इतकी वर्षं मी तुमच्या बसण्याचं कौतुक करते, गिऱ्हाईकांची बोलणी खाते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं एक काम तुमच्याने होऊ नये? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राहिलंय काहीतरी."

इथे मला शंका आली. 'काहीतरी' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नसतो. कुठला भाग, कुठला बिघाड, कशामुळे, हे सांगितल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नाही.

"काय झालं ते नीट सांगा," मी म्हटलं.

ते बराच वेळ स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले. "बोलणं संपलं वहिनी. जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. मावशी बरी आहे का, बरी आहे. मशीन मस्त चालू होतं, पण बोलणं संपलं. दोघं एकमेकांकडे बघत बसली. मग तो थांबला."

"थांबला म्हणजे?"

"हलायचा थांबला. तोंड जरा उघडं ठेवून. पडल्यावर दिसतं तसं. ताई हाका मारत राहिल्या. मग कॉल तुटला."

"मग पडलंच की."

"त्याच्या मागे खिडकी आहे," पडूदे म्हणाले. "खिडकीचा पडदा हलत होता."

"हलेना का," मी म्हटलं.

"पडतं तेव्हा सगळं पडतं वहिनी. माणूस थांबलाय आणि मागे पडदा वाऱ्यावर हलतोय, असं कुठल्याच ड्रायव्हरने होत नाही. ताईंनी मला विचारलं, परत पडलं का हो भाऊ? मी म्हटलं, हो, माझंच काहीतरी राहिलंय."

मला कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आईपुढे सोंग घेतो? जिने ह्याला वाढवला तिच्यापुढे मढ्यासारखा बसतो, कॉल संपवायला? मी फोन उचलला. त्याला अशी काही सुनावणार होते, की पुन्हा आयुष्यात थांबला नसता.

"काय सांगणार?" पडूदेंनी विचारलं.

"काय सांगणार म्हणजे? त्याची लाज काढणार."

"मग तो कॉल करायचंच टाळेल. आत्ता निदान रविवार तरी आहे ताईंना."

मी फोन खाली ठेवला. माझा राग गेला नाही, पण तो कुठे काढायचा तेच कळेना. समोर हा माणूस उभा होता, ज्याने जन्मभर मशीनचा खरा दोष शोधण्याखेरीज काही केलं नाही, आणि माझ्या बहिणीसाठी तो खोटा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन वर माझ्या शिव्याही खाऊन बसला होता. मी त्यांना चहा सांगितला. माफी मागायला मला जमत नाही.

पुढच्या रविवारी मीही ताईकडे गेले. पडूदे आधीच कोपऱ्यात बसले होते. खोलीत उकडून जीव नकोसा झाला होता. खिडकी घट्ट बंद, पंखा बंद.

"पंखा तरी लाव," मी म्हटलं.

"राहू दे," ताई म्हणाली. तिने बाहेर जायचे चांगले कपडे घातले होते, केस नीट बसवले होते. खुर्ची नेहमीच्या जागेवरून हलवून तिने अशी ठेवली होती, की तिच्या मागे नुसती कोरी भिंत यावी. भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून पलंगावर ठेवलेलं होतं. मी पडूदेंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. आम्ही ज्या गोष्टीवर पांघरूण घालत होतो, ती ताईनेही पाहिली होती. आईच्या नजरेतून पोराच्या मागचा पडदा सुटेल असं आम्हा दोघा शहाण्यांना कसं वाटलं कोण जाणे.

कॉल आला. भाचा दिसला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. जेवलास का, जेवलो. काम कसं आहे, ठीक आहे. अंगावर जाड कपडे घालतोस ना, घालतो. मी बाजूला बसून मोजत होते, ह्या पोराच्या उत्तरांत एकाहून जास्त शब्द कधी येतात. आले नाहीत. मग दोघंही गप्प झाली. भाच्याची नजर बाजूला सरकली, खांदे जरा ताठ झाले. मला कळलं, आता हा थांबणार.

पण त्याच्याआधी ताई थांबली.

चष्मा वर सरकवायला तिने हात नेला होता. तो तिथेच राहिला. ओठ जरा विलग, नजर समोर. क्षणभर मला वाटलं हिला काहीतरी झालं, आणि मी उठणार तोच पडूदेंनी दुरून तळहात दाखवून मला बसवलं.

"आई?" भाचा म्हणाला. "आई, आवाज येतोय का?" ताई हलली नाही. "पडलं परत," तो स्वतःशीच म्हणाला आणि कॉल बंद करायला त्याने हात पुढे केला.

हात पुढे आला आणि तिथेच रेंगाळला. तो स्क्रीनच्या जवळ आला. आईकडे बघत राहिला. इतका वेळ त्याने तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"जेवलो नाहीये मी," तो म्हणाला.

खरं तर पडलेला कॉल थोड्या वेळाने आपोआप तुटतो. हे त्याला माहीत असायला हवं होतं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं, की त्याला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं, मी सांगू शकत नाही.

"तू विचारतेस तेव्हा हो म्हणतो. एकट्यासाठी काय करत बसायचं," तो बोलत राहिला. "ऑफिसात सगळे चांगले आहेत गं. पण दिवसभरात माझ्याशी कामापलीकडे कोणी बोलत नाही. मलाही काही सुचत नाही. तुझ्यासमोर बसताना वाटतं, काहीतरी चांगलं सांगावं. चांगलं काही घडलेलंच नसतं. मग काय बोलू?" तो जरा थांबला, नाक पुसलं. मग शेजारच्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याबद्दल सांगितलं, ते त्याला बघून शेपूट हलवतं म्हणून. भाड्याच्या खोलीतल्या नळाबद्दल सांगितलं. एक घोंगडी घेतली तिचा रंग सांगितला. आणि मग म्हणाला, "बाबांचा आवाज आठवत नाही मला आता. तुला आठवतो का?"

ताईचा चेहरा तसाच होता. चष्म्याच्या काचांवर स्क्रीनचा उजेड पडला होता, त्यामागे डोळ्यांचं काय चाललं होतं ते त्याला दिसलं नसेल. मला बाजूने दिसत होतं. पण वर धरलेला तिचा हात आता थरथरायला लागला होता. चष्म्याला टेकलेली बोटं हलू लागली तर त्याला कळणार होतं. आणि त्याला कळलं, की तो थांबणार होता.

पडूदे खुर्चीतून उठले. उठले म्हणजे खाली बसले, गुडघ्यांवर आले, आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत टेबलापर्यंत गेले. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. एरवी मी हसून हसून मेले असते. ते टेबलाच्या खाली शिरले, वायरींच्या मधोमध मांडी घातली, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीखालून हात वर करून ताईच्या कोपराखाली आपला तळहात धरला. ताईची थरथर थांबली.

भाचा बोलत होता. किती वेळ, मी घड्याळ पाहिलं नाही, ते पलंगावर पालथं होतं. मधे तो गप्प व्हायचा, मला वाटायचं संपलं, आणि तो परत सुरू व्हायचा. लहानपणचं काहीतरी, मग कामातली एक चूक, मग एका मुलीबद्दल दोन वाक्यं आणि ती अर्धवट. पडूदेंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांचा वर धरलेला हात मी पाहत होते. तो हलला नाही.

शेवटी भाचा म्हणाला, "मशीन बघून घे आई," आणि त्याने कॉल बंद केला.

ताईने हात खाली घेतला. चष्मा काढून पुसला. "जेवत नाही गं तो," म्हणाली.

"मग बोलायचंस ना त्याच्याशी," मी रडत रडत तिच्यावरच ओरडले. "समोर होता तो. एवढं सगळं सांगत होता. तू गप्प कशी बसलीस?"

"हलले असते तर परत चांगलं चांगलं सांगायला लागला असता," ताई म्हणाली. मग ती वाकली आणि पडूदेंना टेबलाखालून बाहेर यायला तिने हात दिला. पुढच्या रविवारी येणार का, असं तिने त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ते गेले, आणि त्यानंतरही जात राहिले.

त्या दिवशी आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत आलो. माझ्या मनात भाच्याबद्दलचा राग शोधला तर सापडेना, आणि त्याच्या जागी जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. पडूदे स्वतःच्या तळहाताकडे बघत चालले होते.

"दुखतोय का?" मी विचारलं.

"नाही." थोडं पुढे गेल्यावर ते थांबले. "माणसाचा हात एवढा जड असतो वहिनी, मला माहीत नव्हतं."

ते रस्ता ओलांडून त्यांच्या खोलीकडे गेले, तो हात अंगापासून जरा लांब धरून.